चाचणीची कॉपी

१

आमची कंपनी लहान आहे आणि एकच वस्तू बनवते: लिहायचा एडिटर. भाषांतर करणारे, वकील, पाठ्यपुस्तकं लिहिणारे असे लोक तो वापरतात. त्यात ‘शोधा’ची एक चौकट आहे. चौकटीत शब्द टाकायचा, एंटर दाबायचं, की मजकुरात तो शब्द जिथे असेल तिथे एडिटर नेऊन सोडतो. पुन्हा चौकटीत जाऊन वरचा बाण दाबला की आधी शोधलेले शब्द एकेक करून परत येतात, सगळ्यात अलीकडचा सगळ्यात आधी. एवढंच. यात घाबरण्यासारखं काही नाही.

तक्रार माझ्या बायकोची होती. ती घरी बसून माहितीपत्रकांची भाषांतरं करते. सकाळी दवाखान्याचं पत्रक, दुपारी शिलाई मशीनचं. एक दिवस मी दारातून आत पाय टाकतो न टाकतो तोच तिने तोफ डागली.

“मी ‘सुई’ शोधायला गेले, वरचा बाण दाबला, तर ‘मूळव्याध’ आलं. शिलाई मशीनमध्ये! तुझ्या एडिटरला काही लाज?”

ती ‘तुझा एडिटर’ म्हणाली ते मला आवडलं. तिच्या दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. मी ऑफिसात असतो आणि तिची बोटं मी बनवलेल्या वस्तूवर फिरत असतात, या विचाराने मला बरं वाटायचं. कुणी मला खुळा म्हणेल. म्हणू दे. मी तिच्या दातांच्या डॉक्टरवरही जळलेलो आहे, कारण तोंडात कापूस कोंबलेला असतानासुद्धा त्याला तिला हसवता येतं.

दोष साधा होता. एडिटर सगळ्या फायलींची आठवण एकाच डब्यात ठेवत होता. मी प्रत्येक फाइलला तिची तिची आठवण दिली. काम हातावेगळं केलं आणि शंकेखोराला दाखवलं. शंकेखोर म्हणजे आमच्याकडे चाचणी घेणारा. त्याच्या शंकांवरच कंपनी उभी आहे, असं साहेब चिडून म्हणतात.

“फाइलची कॉपी काढली तर?” त्याने विचारलं. “मग आठवण कुणाची?”

“तोवरची दोघींची. पुढची जिची तिची.”

“म्हणजे वेगळे निघालेल्या भावांसारखं.”

“हो. भांडी वाटून घेऊन.”

तो हसला, आणि मी घरी गेलो.

२

तिच्या खोलीत मी सहसा बसत नाही. मागच्या बाजूची लहान खोली. एक खिडकी, भिंतीला लागून टेबल, टेबलाशेजारी एक स्टूल, आणि दाराला दुधी काच. खुर्ची तिच्या पाठीला वळण घेऊन बसलेली, त्यामुळे माझ्या पाठीला टोचत होती. ती बाहेर चहा टाकत होती. मी तिच्या कॉम्प्युटरवर नवा एडिटर चढवला. तिच्या कामात आपला गोंधळ नको म्हणून शिलाई मशीनच्या फाइलची कॉपी काढली, तिला ‘चाचणी’ असं नाव दिलं आणि चौकटीत ‘क’, ‘कख’, ‘कखग’ असं काहीबाही टाकून पाहिलं. सगळं ठीक होतं. कॉपी काढताना क्षणभर पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, लिफ्ट थांबताना होतं तसं. दिवसभर नीट खाल्लं नव्हतं, त्याचं असेल.

पुढे काही दिवसांनी सकाळी ती माझ्यासाठी ग्लासात दूध ओतत होती. ओतता ओतता थांबली आणि हसायला लागली.

“बोट घालून मोजायचंय का?”

“काय?”

“दूध. तुझ्या धाकट्याच्या ग्लासात जास्त आहे का ते.”

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. लहानपणी मी खरोखर तसं करायचो. आई पाठमोरी झाली की दोन्ही ग्लासांत बोट बुडवायचो आणि ओल कुठवर चढली ते बघायचो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला माहीत नव्हतं, भावाला माहीत नाही.

“तुला कुणी सांगितलं?”

“तूच की. काल दुपारी. आता वेड पांघरू नकोस, मला ते फार आवडलं.” तिने माझ्या केसांतून हात फिरवला. “किती जळकं होतं ते पोर!”

काल दुपारी मी ऑफिसात होतो. शंकेखोर शेजारी बसून सुपारी कातरल्यासारखा कीबोर्ड बडवत होता.

मी झोपेत बोललो असेन, असं मी ठरवलं. माणूस झोपेत बोलतो, ऐकणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही. हिशेब बसत होता. तरी ऑफिसला जाताना मला वाईट वाटत राहिलं. माझं इतकं आतलं काही तिला आवडलं आणि ते सांगताना मी तिथे नव्हतो.

३

सुटीच्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा मी तिच्या खोलीत गेलो. नवा एडिटर नीट चालतोय का ते बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. शिलाई मशीनची फाइल उघडली, चौकटीत गेलो आणि वरचा बाण दाबला.

‘बॉबिन.’ पुन्हा दाबला. ‘दोरा ओवणे.’ पुन्हा.

‘डोळे चोळू नकोस खारूताई.’

मी हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला, कारण तसं न करणं मला जमणारं नव्हतं.

‘पाठ दुखतेय ना, ऊठ, जरा खिडकी उघड.’ ‘सुई.’ ‘टाका लांब करणे.’ ‘आज निळं घातलंस, मला कळलं.’ ‘हो, मी पण.’

‘मी पण’ काय? कशाला ‘मी पण’?

ही चौकट मी बनवलेली आहे. तिच्यात बाहेरून कुणाला काही पाठवता येत नाही. याच टेबलाशी बसून, याच कीबोर्डवर बोटं आपटून, एंटर दाबून जे लिहिलं जाईल तेवढंच तिच्यात राहतं. मजकुरात त्याचा मागमूस उरत नाही. चोरून बोलायचं असेल तर याहून चांगली जागा मिळणार नाही, आणि ती मीच करून दिली होती. म्हणजे कुणीतरी इथे येत होतं. माझ्या घरात, दुपारी, तिच्या शेजारी बसून तिला न बोलता काहीतरी लिहून दाखवत होतं, दोन शाळकरी मुलांनी बाकावर करावं तसं.

माझं डोकं फिरलं. पण त्या फिरलेल्या डोक्यातही एक गोष्ट टोचत होती. खारूताई. लग्नाच्या नव्या नवलाईत मी तिला तसं म्हणायचो, कारण ती बिस्कीट दोन्ही हातांत धरून कुरतडते. हा शब्द आम्हा दोघांत होता. पुढे तो कधी बंद पडला ते माझ्या लक्षात नाही.

ती पिशव्या घेऊन आली. मी दारातच विचारलं, “दुपारी कुणी येतं का गं घरी?”

“कोण येणार?” ती म्हणाली, आणि माझ्या हातात पिशव्या देताना माझ्याकडे नीट बघत राहिली. मी खरंच विचारतोय का, हे बघत असावी.

४

खालच्या मजल्यावरच्या काकूंना सगळं ऐकू येतं. त्यांना ते ऐकायचंही असतं. मी जिन्यात मुद्दाम रेंगाळलो.

“हल्ली दुपारी घरीच असता वाटतं?” काकूच म्हणाल्या. “बरं झालं हो. किती हसता दोघं! आमच्याकडे म्हणजे टीव्ही हसतो, आम्ही बघतो.”

“माझाच आवाज असतो ना?” मी थट्टेवारी नेत विचारलं.

“अगंबाई! नवऱ्याचा आवाज आता शेजारणीने ओळखायचा?” त्या खळखळून हसल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, “तुमचाच की. फक्त मोकळा. एरवी तुम्ही कसं, दाराआडून बोलल्यासारखं बोलता.”

त्यांनी कुणाला वर चढताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या दारावरून गेल्याशिवाय वर जाता येत नाही, आणि त्यांचं दार दिवसभर उघडं असतं.

मी मनाशी सगळे तर्क लावून पाहिले. मी आजारी असेन आणि दुपारी भान हरपून घरी जात असेन. ऑफिसात गेल्यावर शंकेखोराला सरळ विचारलं, मी दुपारी कुठे जातो का.

“तू?” तो म्हणाला. “तुला खुर्चीसकट उचलून नेलं तरच.”

५

त्याच दिवशी मी त्याला आणखी एक विचारलं, कामाचं असल्यासारखं. समजा, कॉपी काढून मी चाचणी केली, तर मूळ फाइलच्या आठवणीत परकं काही येईल का?

“मूळ फाइलमध्ये? नाही. पण तू चाचणी कशात केलीस ते आधी सांग.”

“कॉपीत.”

“कशावरून?”

त्याने त्याचा आवडता विषय निघाल्यासारखी खुर्ची वळवली.

“लोक इथेच गंडतात. दुसऱ्या नावाने जतन केलं की त्यांना वाटतं, कॉपी कुठेतरी बाजूला जाऊन पडली आणि आपण आहोत तिथेच आहोत. उलटं असतं रे. समोर उघडी राहते ती कॉपी. मूळ फाइल मागे मिटते, जशीच्या तशी, सगळं घेऊन. आणि हे महाशय कॉपीत बसून पुढचं काम करत राहतात, मीच खरा म्हणून.”

हे मला माहीत होतं. ते मीच बनवलं आहे. तरी मी तिथून उठलो आणि तोंडावर पाणी मारून आलो.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असताना मी ‘चाचणी’ उघडली. ती पुसायची राहून गेली होती. वरचा बाण दाबला. ‘कखग.’ ‘कख.’ ‘क.’ त्याच्या मागे कॉपी काढण्याआधीचे तिचे जुने शब्द, सुई आणि दोरा. पुढचं काही नव्हतं. खारूताई नव्हती, निळा रंग नव्हता. मूळ फाइलमधल्या त्याच्याकडे सगळं होतं आणि माझ्या वाट्याला आली होती मुळाक्षरांची सुरुवात.

जेवताना मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. आज काय केलंस, मशीन कुठवर आलं, पाठ दुखते का. ती हं हं करत होती.

“तू बोलत का नाहीस?”

“बोललो की आपण. दुपारी झालं ना सगळं बोलून.” मग माझा चेहरा बघून तिने वाटी खाली ठेवली. “आता पुन्हा उलटतपासणी नको हं. दुपारी तू असा नसतोस.”

“मग कसा असतो?”

“चांगला असतोस,” ती म्हणाली आणि उठली.

दातांच्या डॉक्टरचा चेहरा तरी मला माहीत होता. त्याच्या दवाखान्याला शिव्या घालत बसता येत होतं. इथे कुणाला शिव्या घालू? रात्रभर मी तिच्या शेजारी पडून जळत राहिलो, आणि ज्याच्यावर जळत होतो त्याला माझंच नाव होतं.

६

मी अर्धी रजा टाकली आणि भर दुपारी घरी गेलो. काकू दारात बसून शेंगा सोलत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, मग वर जिन्याकडे पाहिलं, आणि तोंडातला शब्द तोंडातच ठेवला.

किल्ली मी हळू फिरवली. आपल्याच घरात चोरासारखं शिरायला किती कमी वेळ लागतो! बाहेरच्या खोलीत ऊन होतं. फ्रिज घरघरत होता, नळ थेंब थेंब गळत होता. दुपारचं माझं घर मी कधी पाहिलेलं नव्हतं. ते संध्याकाळपेक्षा मोठं वाटत होतं.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. टकटक, मग एंटर. मग ती हसली. हे हसू मी ओळखत होतो. फक्त बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग तो बोलला.

आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की माणूस म्हणतो, छे, हा माझा नाही. तसा होता तो. सावकाश, मोकळा, घाई नसलेला. काय म्हणाला ते कळलं नाही. दुधी काचेतून तिचा आकार दिसत होता, आणि तिच्या बाजूला, स्टूल असतं तिथे, दुसरा. दोघांची डोकी जवळ होती. तिथे आरसा नाही. बाहेरचा उजेड, टांगलेला शर्ट, खुर्चीची पाठ, मी सगळं मनात मांडून पाहिलं. शर्ट बोलत नाही.

दाराला बोटभर फट होती. मी फटीला डोळा लावला. एक हात दिसला, मनगटापर्यंत, कीबोर्डवर ठेवलेला. माझा हात. करंगळी किंचित वाकडी, बोटांच्या पेरांवर माझ्याइतकेच केस. गेल्या आठवड्यात माझा अंगठा ऑफिसच्या लिफ्टच्या दारात सापडून त्याचं नख काळंनिळं झालंय. त्या हाताचं नख स्वच्छ होतं. ते बघून माझा स्वतःचा अंगठा ठणकायला लागला.

बहुतेक मी श्वास जोरात घेतला. टकटक थांबली.

“कोण आलंय?” तिने विचारलं.

हात कीबोर्डवरून उचलला गेला. फटीत काहीतरी हललं, आणि जिथे ऊन होतं तिथे सावली आली. कुणीतरी आतून, अगदी जवळून, माझ्याइतक्याच उंचीवरून बाहेर बघत होतं. मी डोळा काढून घेतला. त्याच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

“संध्याकाळचा आहे,” आवाज म्हणाला.

मला वाटलं, आता ती किंचाळेल, धावत बाहेर येईल, माझ्या गळ्यात पडेल.

“इतक्या लवकर?” ती म्हणाली.

मी ऑफिसात परत गेलो.

७

शनिवारी ती न्हायला गेली तेव्हा मी तिच्या खोलीत बसलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी कपाट उघडलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, खिडकीतून खाली डोकावलो. नंतर शिलाई मशीनची फाइल उघडली आणि ‘आठवण पुसा’वर गेलो. ‘या फाइलची आठवण कायमची पुसायची?’ एडिटरने विचारलं. खाली ‘हो’ आणि ‘नको’. शब्द माझेच आहेत. तेव्हा घाईत लिहिले होते.

माझं बोट ‘हो’वर असताना ती दारात आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

“काय करतोयस?”

“घर साफ करतोय.”

तिने पडद्यावरचा प्रश्न वाचला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडली नाही.

“नको,” ती म्हणाली.

“कोण आहे तो?”

“तूच आहेस.”

“मी इथे बसलोय!”

“हो. तू पण आहेस.”

त्या ‘पण’ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी विचारू नये ते विचारलं. जगातले सगळे जळणारे शेवटी तेच विचारत असतील.

“त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

तिने टाळाटाळ केली नाही. टॉवेलाने केस पुसत खरंच विचार केला.

“तो माझ्याकडे बघतो तेव्हा माझ्याकडे बघतो,” ती म्हणाली. “तू माझ्या मागे कोण उभं आहे ते बघतोस.”

त्या क्षणीही मी तेच करत होतो. तिच्या मागच्या दाराच्या काचेकडे माझी नजर होती.

ती माझ्यावरून वाकली. साबणाचा वास आला. माझ्या हाताखालून तिने माउस काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा, आणि ‘नको’ दाबलं. मग फायलींच्या यादीत जाऊन ‘चाचणी’वर थांबली. तिचं बोट माउसवर होतं. मला पुन्हा पोटात तो खड्डा जाणवला.

“ही पण ठेवली आहे मी,” ती माझी समजूत घालत म्हणाली. “दोनदा मनात आलं होतं, कशाला अडगळ. पण नाही पुसली. मला तू नको आहेस असं नाही रे.”

“बरं,” मी म्हणालो.

“संध्याकाळ तुझीच आहे. जेवायला थांबेन मी.”

“बरं.”

तिने खिडकीकडे पाहिलं. ऊन सरकत टेबलाच्या कडेला आलं होतं.

“निघ आता,” ती म्हणाली.

मी उठलो. बॅग घेतली, बूट घातले. दार ओढून घेताना आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तो तिचाच असेल असं मी धरून चाललो. काकूंच्या दारावरून गेलो तेव्हा त्यांनी या वेळी मान वर केली नाही.

इमारतीच्या मागच्या रस्त्यावर येऊन मी वर पाहिलं. ती खिडकीत केस वाळवत उभी होती, दोन्ही हात केसांत. ती खाली बघत नव्हती. मान मागे वळवून, खोलीत कुणाला तरी काही सांगत होती, आणि सांगता सांगता हसत होती. ती दिसेल तोवर बघत राहावं म्हणून मी समोरच्या फुटपाथवर गेलो.

शनिवारी आमचं ऑफिस बंद असतं. हे तिला माहीत आहे. मी कुठे जाणार, ते तिने विचारलं नव्हतं. संध्याकाळ व्हायला अजून फार वेळ होता आणि मी बॅग दुसऱ्या हातात घेऊन तिथेच थांबलो.